काहीही केलेलं नसताना एखादा कलाकार डोक्यात का जातो?

उगाचखोर

एक गायक आहे. नाव घेत नाही, कारण त्याचे चाहते इथेही असणार आणि मला शांत झोप हवी आहे. आवाज उत्तम, सुरात गातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी तो पडद्यावर दिसला की माझा हात आपसूक रिमोटकडे जातो. त्याने माझं काही घोडं मारलेलं नाही. उलट एक नट आहे, ज्याचे मागचे चारपाच सिनेमे टुकार निघाले, मुलाखतीत धड बोलता येत नाही, आणि तो आला की मी सरसावून बसतो.

माझ्या एकट्याचं असतं तर "चक्रम आहे" म्हणून सोडून दिलं असतं. पण अख्खं स्टेडियम असं वागतं. २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबईचं कप्तानपद रोहितकडून हार्दिक पंड्याकडे गेलं आणि वानखेडेवर, स्वतःच्याच संघाच्या मैदानावर, लोकांनी त्याची हुर्यो उडवली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरला माइकवरून प्रेक्षकांना "नीट वागा" असं सुनवावं लागलं. मग २९ जूनला विश्वचषकाची फायनल, शेवटच्या षटकात १६ धावा वाचवायच्या, चेंडू हार्दिकच्या हातात. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर "हार्दिक, हार्दिक"चा गजर. माणूस तोच, मैदान तेच, ओरडणारेही बरेचसे तेच असतील.

तर प्रश्न असा: प्रसिद्ध माणूस आवडणं किंवा नावडणं याचा त्याच्या वागण्याशी खरंच काही संबंध असतो का? की आपण आधी ठरवतो आणि कारणं मागाहून गोळा करतो?

टवाळखोर

गायकाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्या यादीशी ताडून बघतो.

चावडीवरचा

हार्दिकचं उदाहरण घेतलंत, पण त्यातली खरी गोम राहिली. लोक हार्दिकवर चिडले नव्हते, रोहितला हलवलं म्हणून चिडले होते. निर्णय घेणारे बंद खोलीत, त्यांची हुर्यो कशी उडवणार? जो समोर सापडला त्याला धुतला.

हे नवीनही नाही. १९८४ च्या अखेरीस इडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्ध कसोटी होती आणि आधीच्या दिल्ली कसोटीत बेजबाबदार फटका मारला म्हणून कपिलला वगळलेलं. "नो कपिल, नो टेस्ट" अशा घोषणा झाल्या. कप्तान गावसकर. संघ मी निवडला नव्हता असं तो सांगत राहिला, पण ऐकतो कोण. त्याच्यावर फळं भिरकावली गेली. गावसकर इतका दुखावला की १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या तिथल्या कसोटीला खेळायलाच गेला नाही.

एकाचा द्वेष ही बहुतेक वेळा दुसऱ्यावरच्या प्रेमाची सावली असते. तुमच्या त्या गायकाने कुणाची जागा घेतली ते आधी बघा.

निळीशाई

धागा आवडला. मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय, जमेल तेवढं सोपं करून सांगते.

सुझन फिस्क आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक मांडणी केली. समोरच्याचा अंदाज घेताना आपण दोनच गोष्टी चाचपतो: याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, आणि ते करून दाखवायची याच्यात ताकद किती आहे. म्हणजे माया आणि कुवत. कुवत भरपूर पण माया दिसत नाही, अशा माणसाबद्दल मत्सर वाटतो. आपण त्याला मान देतो, पण तो घसरला की आतून बरं वाटतं. माया दिसते पण कुवत बेताची, त्याची कीव येते, राग येत नाही. तुमचा टुकार सिनेमेवाला नट इथे बसतो. दोन्ही असलेला विरळा, त्याला आपण डोक्यावर घेतो.

यात एक मेख आहे. कुवत मोजता येते. धावा, तिकीटविक्री, पुरस्कार, सगळं मांडलेलं असतं. माया मात्र फक्त दिसते. चेहऱ्याची ठेवण, हसताना डोळे हसतात की नाही, प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून बोलतो की कॅमेऱ्याकडे. अशा फुटकळ गोष्टींवरून आपण माणसाच्या मनाचा निकाल लावून मोकळे होतो.

बेसलाइन

+१. याचं मूर्तिमंत उदाहरण म्हणजे टेनिसपटू इव्हान लेंडल. २७० आठवडे पहिल्या क्रमांकावर. १९८२ ते १९८९ अमेरिकन ओपनच्या सलग आठ फायनल, त्यातल्या तीन जिंकला. आणि १९८६ मध्ये, ऐन भरात असताना, 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने मुखपृष्ठावर त्याला काय म्हटलं? ज्याचं कुणालाच काही पडलेलं नाही असा विजेता! गुन्हा काय, तर हसत नव्हता.

त्याच काळात जॉन मॅकेन्रो पंचांना शिव्या घालत होता, रॅकेटी तोडत होता, १९९० मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनमधून चालू सामन्यात हाकलला गेला. आज तोच लाडका समालोचक आहे आणि त्या चिडण्याच्या भांडवलावर जाहिराती करून झाल्या. म्हणजे उद्धट चालतो, थंड चालत नाही.

शंकासूर

उद्धट *पुरुष* चालतो. २०१८ च्या अमेरिकन ओपन फायनलमध्ये सेरेना पंचांवर चिडली, एक अख्खा गेम दंड झाला, आणि नंतर आठवडाभर जगभर चर्चा कशाची, तर तिच्या "वागण्याची". मॅकेन्रोचा तो "स्वभाव", सेरेनाचा तो "तमाशा".

बेसलाइन

@शंकासूर, अर्धं मान्य. पण त्या दिवशी प्रेक्षक सेरेनाच्याच बाजूने होते. इतकी हुर्यो झाली की जिंकलेली नाओमी ओसाका बक्षीस समारंभात रडत होती. मैदानातली गर्दी आणि घरी बसून मतं देणारी गर्दी या वेगळ्या जाती आहेत.

रानजाई

बाईमाणसाचा विषय निघालाच आहे तर ऑस्कर २०१३ ची रात्र आठवा. एकाच रात्री, एकाच रंगमंचावर दोन अभिनेत्री.

जेनिफर लॉरेन्सचं नाव पुकारलं, ती भल्याथोरल्या गाऊनमध्ये पायऱ्या चढायला लागली आणि घागऱ्यात पाय अडकून पायरीवरच आपटली. हात टेकून क्षणभर चेहरा लपवला. सभागृह उभं राहिलं तर म्हणाली, मी पडले म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय, म्हणून उभे आहात. झालं! जग खल्लास. आपलीच कोणीतरी वाटली.

ॲन हॅथवे. त्याच रात्री सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर. बाहुलीकडे बघून हळूच म्हणाली, की हे खरं झालं. भाषण नेटकं, सगळ्यांचे आभार, एक शब्द चुकला नाही. आणि इंटरनेटने तिला फाडून खाल्लं. म्हणे नाटकी आहे, म्हणे घोकून आली होती. तिच्या तिरस्काराला इंग्रजीत तिच्या नावावरून खास शब्द पाडला गेला! पुढे तिने स्वतः सांगितलंय की त्या काळात ती ऑनलाइन इतकी नकोशी झालेली म्हणून लोक भूमिका द्यायला कचरत होते, आणि ख्रिस्तोफर नोलनने त्याकडे दुर्लक्ष करून तिला काम दिलं.

आता सांगा, अभिनेत्रीने भाषणाची तयारी करणं हा गुन्हा? सर्जनने घोकून शस्त्रक्रिया केली तर आपण त्याला नाटकी म्हणतो का?

माझं मत असं की आपल्याला कष्ट आवडतात, पण कलेसाठी केलेले. "मी तुम्हाला आवडावी" यासाठी केलेले कष्ट दिसले की आपण बिथरतो. आणि बाईचे ते कष्ट आपल्याला दुपटीने दिसतात.

टवाळखोर

म्हणजे पुरस्कार घ्यायला जाताना पडायचं. नोंद केली. आता फक्त पुरस्कार मिळायचा बाकी आहे.

निळीशाई

@टवाळखोर, थांबा, घाई करू नका. यावरही प्रयोग झालाय. १९६६ मध्ये इलियट ॲरनसन आणि मंडळींनी विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेतल्या उमेदवाराच्या मुलाखतीची टेप ऐकवली. एका टेपमधला उमेदवार हुशार, ९२ टक्के उत्तरं बरोबर. दुसऱ्यातला बेताचा. काहींना ऐकवलेल्या टेपमध्ये शेवटी कपबशीचा खडखडाट आणि उमेदवाराचा आवाज: अरे देवा, नव्या सुटावर कॉफी सांडली!

कॉफी सांडल्यावर हुशार उमेदवार लोकांना *जास्त* आवडला. बेताचा मात्र होता त्याहून *कमी* आवडला.

तेव्हा आधी ९२ टक्के मिळवा, मग पडा.

टवाळखोर

माझा पास.

जुनाजाणता

मंडळी, तुम्ही सगळे क्षणांबद्दल बोलताय. कोण कसं पडलं, कोण कसं हसलं. पण काही माणसांबाबत जनतेचं मत पन्नास पन्नास वर्षं वरखाली होत राहतं, त्याचं काय?

अमिताभ घ्या. जुलै १९८२ मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात पोटाला मार लागला. आम्ही तेव्हा रोज सकाळी पेपरात आधी तो कसा आहे ते शोधायचो. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये लोक प्रार्थना करत होते. ज्याने त्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता तोही चौकशी करायचा. १९८४ ला तोच माणूस अलाहाबादहून बहुगुणांसारख्या मुरलेल्या नेत्याला पाडून लोकसभेत गेला. आणि १९८७ येईपर्यंत बोफोर्स या स्वीडिश तोफांच्या व्यवहारावरून चौकाचौकात त्याच्या नावाने शिमगा. राजीनामा दिला. आरोपांत तथ्य नव्हतं हे स्वीडनच्या तपास अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितलं २०१२ मध्ये. मधली पंचवीस वर्षं कोणी भरून देत नाही.

नव्वदच्या दशकात कंपनी बुडाली, सिनेमे पडले, लोक हसायला लागले. मग जुलै २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती'. मोठ्या पडद्यावरचा माणूस छोट्या पडद्यावर येतोय म्हणून अनेकांनी नाकं मुरडली होती. पण तिथे काय दिसलं? समोरचा घाबरलेला स्पर्धक खुर्चीत चढताना अडखळला तर हा स्वतः उठून त्याला बसवतोय, पाणी देतोय, "आप" म्हणून बोलतोय. वीस वर्षं जो पडद्यावर कुणाचं ऐकून घेत नव्हता, तो आता दुसऱ्याचं ऐकत होता.

माझ्या मते लोकांना तो पुन्हा आवडला तो केवळ यशामुळे नाही. पडल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, परत कामाला लागलेला माणूस दिसला म्हणून.

अर्धविराम

काका, नेमक्या जागी आणलंत. माझं तर म्हणणं आहे की जनता मनातल्या मनात एक हिशोब ठेवते. याला मिळालं किती, आणि याने त्यासाठी भोगलं किती. भोगलेलं जास्त दिसलं की माणूस आवडतो. मिळालेलं जास्त दिसलं की डोक्यात जातो. सिनेमावाल्यांच्या मुलांवर लोक खार खातात ते यामुळेच. तो मुलगा अभिनय चांगला करतो की वाईट, हा मुद्दा दुय्यम. त्याच्या खात्यात भोगल्याची नोंद नाही!

राहुल द्रविड सगळ्यांना का आवडतो? कारण त्याचं खातं कायम उलट्या बाजूने शिल्लक. २०१८ ला एकोणीस वर्षांखालील संघ जगज्जेता झाला, मंडळाने द्रविडला ५० लाख आणि बाकी प्रशिक्षक मंडळींना २०-२० लाख जाहीर केले. याने म्हटलं, सगळ्यांना सारखे द्या. शेवटी त्याच्यासकट प्रत्येकाला २५ लाख मिळाले. स्वतःचे निम्मे झाले. आता त्याला कोण नावं ठेवणार?

सायकलवेडा

हिशोबाच्या सिद्धांताला माझ्याकडून एक फ्रेंच साक्षीदार. नेहमी वाचनमात्र असतो, पण आज राहवलं नाही.

जाक आँकतील. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पाच वेळा जिंकणारा पहिला माणूस. १९५७ आणि मग १९६१ ते १९६४ ओळीने. देखणा, मोजून मापून चालवणारा, वेळेचा पक्का. आणि त्याचा प्रतिस्पर्धी रेमों पुलिदोर. तीनदा दुसरा, पाचदा तिसरा. आयुष्यात टूर जिंकली नाहीच, पण आघाडीवीराची पिवळी जर्सी एक दिवससुद्धा अंगावर चढली नाही.

फ्रान्सचा लाडका कोण? पुलिदोर! १९६४ ला दोघं प्युय द दोमच्या चढावर अक्षरशः कोपराला कोपर लावून चढत होते. त्या क्षणाचा फोटो आहे, दोघं एकमेकांवर रेलल्यासारखे दिसतात. शेवटी शेवटी पुलिदोर सुटला, आँकतील मागे पडला, पण एकूण शर्यत आँकतीलने ५५ सेकंदांनी जिंकली. म्हणजे वर्षानुवर्षं टाळ्या एकाला आणि विजय दुसऱ्याला. पुलिदोर लोकांना "पुपू" होता. आँकतीलला असं लाडाचं नाव कधी चिकटलं नाही.

आणि आँकतीलला हे लागायचं हो. पाच वेळा जिंकून माणसाला वाटतं आता तरी.

बेसलाइन

हिशोब पटला असता, पण मग फेडररचं काय? त्याने काय भोगलं? घाम आलेला दिसत नाही, केस विस्कटत नाहीत, सगळं अलगद. तुमच्या हिशोबाने तो जगातला सर्वात नावडता खेळाडू असायला हवा होता. झालं नेमकं उलटं. आणि जोकोविच, ज्याचं लहानपण युद्धाच्या काळात, बॉम्बहल्ल्यांच्या सावलीत गेलं, त्याच्या विरोधात विम्बल्डनची गर्दी. २०१९ च्या फायनलनंतर तो म्हणाला होता की लोक "रॉजर" ओरडतात तेव्हा मी "नोव्हाक" ऐकतो. एवढा भोगलेला माणूस, आणि लोकांना त्याचं काही नाही?

अर्धविराम

अडकवलंत. विचार करतो.

चावडीवरचा

माझ्या पहिल्या प्रतिसादात उत्तर आहे की. फेडरर-नदाल अशी दोघांची गोष्ट लोकांनी मनात लावून घेतली होती आणि हा तिसरा आत घुसला. बिनआमंत्रणाचा पाहुणा कितीही गुणी असो.

रानजाई

शिवाय जोकोविचला आपण आवडावं असं *वाटतं* हे दिसतं. जिंकल्यावर चारी दिशांना हृदयातून काढून दिल्यासारखे हात. हॅथवेचाच रोग. फेडररला जणू प्रेमाची गरजच नव्हती, म्हणून भरभरून मिळालं. जगाचा न्याय असाच आहे, मागणाऱ्याच्या ताटात कमी.

पण २०२१ ची अमेरिकन ओपन फायनल आठवा. चारही ग्रँड स्लॅम एका वर्षात पूर्ण करायला तो एक सामना दूर होता आणि मेदवेदेवपुढे हरत होता. गर्दी त्याच्यासाठी ओरडायला लागली, आणि हा खुर्चीत टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडायला लागला. सामना अजून संपला नव्हता! म्हणजे मागितलं तेव्हा नाही दिलं, आणि हरायला लागला तेव्हा दिलं.

अर्धविराम

@रानजाई, मग सुधारित आवृत्ती: लोकांना देणारा व्हायला आवडतं. हरणाऱ्याला, पडलेल्याला, कर्जबाजारी झालेल्याला आपण काहीतरी देतो. जिंकणाऱ्याला आपल्याकडचं काय द्यायचं? फेडररचं तरीही बसत नाही. त्याला अपवाद म्हणून सोडून द्या.

बेसलाइन

अपवाद म्हणून सोडायला तो वीस ग्रँड स्लॅम जिंकलाय. सोडणार नाही.

कावळा

तुम्ही सगळे खऱ्या माणसांबद्दल बोलताय. निळूभाऊ फुले राष्ट्र सेवा दलाचा माणूस, सामाजिक कामात आयुष्यभर. पण पडद्यावरचा तो बेरकी सरपंच लोकांनी इतका खरा मानला की बायाबापड्या त्यांना बघून बोटं मोडायच्या. प्राणचीही तीच गत. म्हणे लोक मुलाचं नाव प्राण ठेवेनासे झाले.

शंकासूर

@कावळा, पण मग रावणाचं काय? दूरदर्शनवरच्या 'रामायण'मध्ये रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ ला लोकसभेवर निवडून गेले. सीता झालेल्या दीपिका चिखलियाही त्याच निवडणुकीत, त्याच पक्षाकडून. लोकांनी दोघांनाही मतं दिली!

कावळा

@शंकासूर, रावण दहा तोंडांचा, लंकेचा राजा. तो कुणाच्या शेजारी राहत नाही. निळूभाऊंचा सरपंच मात्र प्रत्येकाने कुठेतरी पाहिलेला असतो, आणि त्याला तोंडावर काही बोलता आलेलं नसतं. ते सगळं बिचाऱ्या निळूभाऊंच्या वाट्याला. उगाचखोर, तुमचा तो गायक तुमच्या एखाद्या साहेबासारखा दिसतो का?

टवाळखोर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

जुनाजाणता

@टवाळखोर, वाचला होता आम्ही. बरं केलंत काढलात ते.

पडद्यामागचा

बरेच दिवस वाचत होतो, आज लिहितो. काही वर्षं नटनट्यांच्या प्रसिद्धीचं काम केलंय. नावं विचारू नका.

"अचानक" विमानतळावर किंवा जिमबाहेर दिसलेले फोटो बहुतेक वेळा अचानक नसतात. फोटोग्राफरांना आधी निरोप गेलेला असतो. यामागे तर्क साधा आहे, सारखा दिसणारा चेहरा ओळखीचा होतो आणि ओळखीचा चेहरा आवडायला लागतो. निळीशाई यावर सांगू शकतील.

पण आतली गोष्ट अशी की प्रेम आम्हाला तयार करता येत नाही. फार तर राग कमी करता येतो. तयार करायला गेलं की ते दिसतं, आणि दिसलं की संपलं. एकदा आमच्या एका नटाचा सात-आठ सेकंदांचा व्हिडिओ फिरला. तो फोनवर बोलतोय, लहान मुलगी सेल्फीसाठी आली, त्याने तळहात दाखवून थांबवलं आणि पाठ फिरवली. एवढंच. फोनवर त्याचा डॉक्टर होता, आईचे रिपोर्ट सांगत होता. फोन झाल्यावर तो त्या मुलीला शोधत गेला, जमिनीवर उकिडवा बसून तिच्याशी गप्पा मारल्या. ते कुणी चित्रित केलं नव्हतं. आम्ही म्हटलं, खरं काय ते सांगून टाकू. तो नको म्हणाला, आईचं आजारपण मध्ये आणायचं नाही. आजही त्याच्या प्रत्येक पोस्टखाली कुणीतरी "त्या मुलीचं काय" असं लिहितं.

दुसऱ्या एकाच्या बाबतीत अगदी उलटं. सेटवर सहायकांशी वागणं असं की तिसरा माणूस टिकेना. पण कॅमेरा सुरू झाला की असा विरघळायचा की मलाच शंका यायची, आपण काल पाहिलं ते खरं की हे. जनतेचा लाडका आहे. अजूनही.

तेव्हा धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: वागण्याशी संबंध असतो, पण जे वागणं दिसलं त्याच्याशी.

निळीशाई

@पडद्यामागचा, हो, रॉबर्ट झायन्सचं १९६८ चं काम. लोकांना अर्थ न कळणारी चिनीसारखी अक्षरं दाखवली, जी अक्षरं जास्त वेळा दिसली ती लोकांना जास्त "छान" वाटली. चेहऱ्यांचंही तसंच. पण मुळात नावडणारी गोष्ट सारखी दाखवली तर ती आवडेलच असं नाही, डोकंच फिरण्याची शक्यता जास्त. लॉरेन्सचंच बघा, वर्षदोन वर्षांत लोक म्हणायला लागले की हिचं ते धडपडणं आणि साधेपणा ठरवून आहे!

आणि १९५६ मध्येच हॉर्टन आणि वोल या दोघांनी टीव्ही-रेडिओवरच्या माणसांशी आपलं एकतर्फी नातं जुळतं असं मांडलं होतं. तो आपल्याला ओळखत नाही, पण आपल्या मनाला तो रोज घरी येणारा माणूस वाटतो. त्यामुळे त्याने दुसऱ्या कुणाशी उद्धटपणा केला की आपल्यालाच टाकून बोलल्यासारखं लागतं.

शंकासूर

सगळं ठीक, पण एक कडू गोष्ट कुणी बोलत नाहीये. लाडक्यांना माफीही स्वस्तात मिळते. फेरारीचं प्रकरण आठवतं? सचिनला भेट मिळालेल्या गाडीवरचं आयातशुल्क सरकारने माफ केलं, ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेलं, शेवटी शुल्क फेरारीची तेव्हाची मालक असलेल्या फियाट कंपनीने भरलं. दोन आठवड्यांत सगळे विसरले. दुसऱ्या कुणाच्या नावावर हे असतं तर आजही प्रत्येक वादात बाहेर काढलं असतं.

चावडीवरचा

@शंकासूर, झालं, देवाला हात घातलात. आता हा धागा शंभरी गाठणार.

जुनाजाणता

सचिनने शुल्कमाफी मिळवून कुणाचं घर लुटलं नव्हतं, आणि शेवटी पैसे भरले गेले. इतकी वर्षं मैदानावर पंचाने चुकीचं बाद दिलं तरी मान खाली घालून चालू पडणारा माणूस होता. एवढी जमा असल्यावर थोडं खर्ची पडलं तर लोक दुर्लक्ष करतातच. मलाही त्यात गैर वाटत नाही.

शंकासूर

काका, हेच तर म्हणतोय मी. पण वाद नको, ह. घ्या (हलके घ्या).

उगाचखोर

बाप रे, काल एक प्रश्न टाकून झोपलो आणि उठून बघतो तर टूर द फ्रान्स.

@चावडीवरचा, त्या गायकाने कुणाची जागा घेतली याचा विचार केला. घेतली आहे खरी. माझा आवडता गायक ज्या कार्यक्रमात परीक्षक होता, तिथे आता हा बसतो. @कावळा, साहेबासारखा दिसत नाही, पण दुसऱ्याचं गाणं चालू असताना डोळे मिटून मान हलवतो आणि कॅमेरा आपल्यावर आला की नाही ते एक डोळा किलकिला करून बघतो. हे मी हळू करून, थांबवून थांबवून पाहिलेलं आहे. आता तुम्ही म्हणाल एवढा तिरस्कार असताना एवढं बारकाईने कशाला बघता. तर तेही खरं. त्याचे सगळे व्हिडिओ मला पाठ आहेत.

सगळं वाचूनही तो डोक्यात जातोच. फक्त आता कारणं जास्त शास्त्रशुद्ध झाली.

टवाळखोर

अभिनंदन. इतकं लक्ष देऊन त्याला त्याचा चाहतासुद्धा बघत नसेल.

रानजाई

@पडद्यामागचा, एक विचारायचं होतं. एकदा जनता उलटली की माफी मागून उपयोग होतो का? ते काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरातलं निवेदन असतं ना, ते कुणाला पटतं?

पडद्यामागचा

@रानजाई, चूक खरी असेल आणि ज्याचं नुकसान झालं त्याची माफी असेल, तर होतो. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" असं सुरू झालं की उलट पेटतं. आणि चूकच नसेल, नुसतेच डोक्यात जात असाल, तर कशाची मागणार? तिथे आम्ही एकच सांगायचो, गप्प बसा आणि काम करा. हार्दिकने त्या दोन महिन्यांत प्रेक्षकांना उलट उत्तर दिलेलं मला तरी आठवत नाही. तोंड उघडलं असतं तर ४ जुलैला तो गजर इतक्या सहज झाला नसता.

अर्थात मग ते शेवटचं षटकही टाकावं लागतं, आणि ते प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

बेसलाइन

गप्प बसण्यावरून परत लेंडल. (हो, मी सोडणार नाही.)

स्कॉटलंडचा टेनिसपटू अँडी मरे ब्रिटनमध्ये बराच काळ अनेकांच्या डोक्यात जायचा. २००६ ला चेष्टेत बोलून गेला की फुटबॉलमध्ये इंग्लंडविरुद्ध जो खेळेल त्याला माझा पाठिंबा, ते इंग्रजांनी वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं. घुमा, चिडका म्हणायचे. २०१२ ला विम्बल्डनची फायनल फेडररकडून हरला, माइक हातात घेतला आणि बोलता बोलता रडला. सेंटर कोर्टवर लोकही डोळे पुसत होते. त्या दिवसापासून तो ब्रिटनचा झाला. पुढच्या वर्षी जिंकला तेव्हा तर काय विचारता.

आणि या दोन्ही वर्षी त्याचा प्रशिक्षक कोण? इव्हान लेंडल. खेळाडूंच्या कक्षात काळा चष्मा लावून बसलेला, चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही.

टवाळखोर

तेव्हा रडायचं मरेने स्वतःच्या मनाने ठरवलं असणार. कोचिंगमध्ये ते नव्हतं.